सरांची लीज

गाडीला पंधरा वर्षं व्हायला आली की सरकार तिला पुन्हा एकदा बघायला बोलावतं. आमच्याकडे त्याला रिपासिंग म्हणतात. बुलढाण्याला आरटीओच्या मैदानात गाडी नेऊन उभी करायची, साहेबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारायची आणि ती रस्त्यावर राहायला लायक आहे की नाही ते सांगायचं. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा माझ्याभोवतीही लोकांनी अशाच चकरा मारल्या होत्या. शाल आणि नारळ देऊन सगळ्यांनी मला एकमताने लायक ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची दुसऱ्याला दिली.

गाडीचं इतक्या सहज उरकण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हरच्या बाजूची काच वर राहावी म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी खोचलेली असे. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडे, त्यामुळे पाहुण्यांना उतरवायला मला दरवेळी धावत जावं लागे आणि पाहुण्यांना वाटे, काय आदर आहे. पायाखालचा पत्रा सडला होता. सेल्फ मारला की ती आधी खोकायची, मग बराच वेळ विचार करायची, आणि पुष्कळदा विचार करून नकार द्यायची.

मला तिची लाज वाटते हे मी कधी कबूल केलं नव्हतं. अमडापुरात माझी ओळखच मुळी भपक्याला हसणारा माणूस अशी. गाडीच्या काचेवर भावी अमुक, माजी तमुक असं लिहून फिरणारे, वाढदिवसाला चौकात स्वतःचा फ्लेक्स लावून त्याखाली स्वतःच उभे राहणारे, यांच्यावर मी एका लहानशा साप्ताहिकात वर्षानुवर्षं लिहीत आलो होतो. वाचणारे थोडे होते, पण ज्यांच्यावर लिहिलं ते नेमके वाचायचे. अशा माणसाची गाडी जुनी असली तर ती त्याला शोभते असं लोक म्हणत, आणि मीही मान हलवत असे.

पण चिखलीत एका लग्नाला गेलो तेव्हा मी गाडी मंगल कार्यालयाच्या मागे, पाण्याच्या टँकरला लागून लावली आणि पुढच्या दारापर्यंत चालत आलो. बायकोचा गुडघा तेव्हाच दुखत होता. कोणीतरी विचारलं, "कशानं आले सर?" मी म्हटलं, "आलो कसेतरी." परत जाताना बायको म्हणाली, "लाज वाटते तं लाज म्हना ना. त्याले साधेपना काऊन म्हन्ता?"

मी किल्ली फिरवली. गाडीही त्या वेळी पहिल्या सेल्फला सुरू झाली, म्हणजे तिनेही बायकोचीच बाजू घेतली.

पुढे तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एसटीच्या पायऱ्या चढणं बंद झालं आणि व्यायामासाठी चिखलीला दवाखान्यात ने-आण सुरू झाली. म्हणजे गाडी हवीच होती. जुनी दुरुस्त करून रिपासिंग करायची, की मोडीत काढून नवी घ्यायची, एवढाच प्रश्न होता.

आमचा चिखलीचा मिस्त्री हा निदानापेक्षा चिंतनात रमणारा माणूस. बॉनेट उघडून तो बराच वेळ आत पाहत राहिला आणि म्हणाला, "सर, गाडीत फॉल्ट नाई. गाडी बुढी झाली, आन् तुमी तिले जवान समजून राह्यले."

"मग करायचं काय?"

"खोलून पाहू. खोलल्यावर समजते."

मागच्या वेळी त्याने अशीच खोलून पाहिली होती, आणि मग "आता बंद करून पाहू" म्हणाला होता. दोन्हीचे पैसे घेतले होते.

म्हणून आम्ही नवी गाडी पाहायला शोरूममध्ये गेलो. तिथे कोणा कुटुंबाला नवी गाडी देण्याचा सोहळा चालू होता. गाडीवर लाल मखमलीचं कापड, त्यावर सॅटिनची फीत, शेजारी केक. एक तरुण माइकवरून सांगत होता की आज आपल्या परिवारात एका नव्या सदस्याचं आगमन होत आहे. त्या परिवारातल्या आजोबांच्या हातात दारापेक्षा थोडी लहान अशी पुठ्ठ्याची सोनेरी चावी दिली होती, आणि ते ती कुठल्या बाजूने धरायची म्हणून मुलाकडे पाहत होते. फुगे फुटले, फोटो निघाले. मला त्या चावीमागे माझं तोंड दिसायला लागलं.

तेवढ्यात टाय लावलेला एक मुलगा आमच्याकडे आला. "सर, एक्सचेंजला जुनी गाडी आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

गाडी रसवंतीच्या आडोशाला उभी होती. बायको माझ्याकडे पाहत राहिली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता टँकरच्या मांगं लावा हिले, जिंदगीभर."

हे सगळं गल्लीला माहीत होतं, कारण गाडी गल्लीतच उभी असे. आमच्या घराला आवार नाही. समोर वहिनींची जागा होती, तिथे भिंतीला लागून मी गाडी लावायचो. वहिनी म्हणजे आमच्या शाळेतल्या शिपायाच्या विधवा. तो माझ्या वयाचा, माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो आणि त्या मला भाऊजी. त्यांचं घरकुल मंजूर झालं होतं. जुनं घर पाडून नव्याच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि स्लॅबसाठी काम थांबलं होतं. तोवर वहिनी आणि त्यांचा मुलगा टिनाच्या शेडमध्ये राहत. सून बाळंतपणाला माहेरी, बीबीला गेली होती. नातू झाला. बारशाला मुलगा गेला, शेड आणि सामान राखायला वहिनी मागे राहिल्या. पण सुनेचे वडील ठासून म्हणाले होते, "स्लॅब पडल्याबिगर पोरगी धाडत नाई. लेकराले टिनाखाली झोपवाचं काय?"

वहिनींनी नातू फक्त मोबाइलवर पाहिला होता. त्या तो फोटो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवत आणि लगेच म्हणत, "रेती भेटली की झालं."

घरकुलाला सरकारी रेती मिळते असं कागदावर आहे. कागद त्यांच्याकडे होता. रेती नव्हती. पावसाळा लागला की नदीतून रेती काढणं बंद होतं, आणि मग ती दिवाळीनंतरच दिसते. पावसाआधी स्लॅब पडला नाही तर नातू रांगत घरी येणार होता.

माझा मुलगा पुण्याला असतो. त्याचा फोन आला तेव्हा मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेत होतो. आमच्याकडे हॉटेल म्हणजे दोन बाकडी आणि एक स्टोव्ह. तो म्हणाला, "बाबा, आता गाडी विकत घेतं कोण? लीजवर घ्या. मालकी कंपनीची, कटकट कंपनीची, तुम्ही फक्त वापरायची."

रेंज नव्हती, म्हणून मी उठून रस्त्यावर आलो आणि ओरडून बोलू लागलो. मी काय बोललो ते पुढे मला इतक्या जणांनी ऐकवलं की आता पाठ झालं आहे.

"लीज? हो, लीज घेऊ म्हणतोस? ... म्हणजे मालकी नाही, नुसती लीज? ... आणि मुदत संपली की पुन्हा काढता येते? ... बरं. कागदपत्रांचं काय? ... हो, हो. वरचं सगळं तू बघ."

आमच्या भागात लीज या शब्दाला एकच अर्थ आहे. लीज असते रेतीघाटाची, म्हणजे नदीतली रेती उपसायच्या ठेक्याची. फार तर गिट्टीच्या खदानीची. गाडीची लीज असते हे इथे कोणी ऐकलेलं नाही. आणि "वरचं तू बघ" या वाक्याला तर पुढे मागे काही जोडायची गरजच नसते.

मी आत येऊन बसलो तेव्हा माझा अर्धा राहिलेला चहा हॉटेलवाल्याने फेकून दिला होता. "थंडा झाला व्हता सर. स्पेशल टाकतो." स्पेशल चहा कपात आला, बशीसह. मी खिशात हात घातला तर तो म्हणाला, "राहू द्या सर. आता कायचे पैसे घेता तुमच्यापासून?"

मला वाटलं, माझा नवा लेख वाचला असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर आणायला गेलो तर ज्याने आयुष्यात मला नमस्कार केला नव्हता असा एक जण मोटरसायकल थांबवून खाली उतरला. "सर, अभिनंदन. कोनता घाट घेतला? पैनगंगेचा का खडकपूर्णेचा?"

"कसला घाट?"

तो हसला. "बरोबर हाये. बोर्डावर लिहून थोडी लावतेत."

मग ध्यानात आलं. मी ताबडतोब खुलासा करायला सुरुवात केली आणि ती माझी मोठी चूक झाली. शाळेत अवघड भाग समजावून सांगायची सवय असलेल्या माणसाने खुलासे करू नयेत. मी म्हटलं, "अरे, रेतीची नाही. गाडीची लीज."

"कित्ती गाड्या?" तो आवाज खाली आणून म्हणाला. "टिप्पर घेऊन राह्यले का दहाचाकी हायवा?"

मी जितकं समजावलं तितकी बातमी पक्की होत गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या नावावर दोन घाट, तीन टिप्पर आणि मंत्रालयात बसलेला मुलगा जमा झाला. मुलगा हिंजवडीत एका परदेशी कंपनीच्या तक्रारी ऐकतो.

यात हसण्यासारखं खूप होतं आणि पहिल्या दिवशी मी हसलोही. दुसऱ्या दिवसापासून मात्र हसू येईना. मला वाटलं होतं, लोक म्हणतील, सर आणि रेती? शक्यच नाही. तीस वर्षं मी या गावाच्या पोरांना इतिहास शिकवला. कोणत्या राज्यांचं कशामुळे वाटोळं झालं ते फळ्यावर लिहून दिलं. पण कोणी चकित झालं नाही. कोणी नाक मुरडलं नाही. जणू मी उशिरा का होईना ताळ्यावर आलो होतो. माझेच विद्यार्थी मला वाकून नमस्कार करू लागले. तो नमस्कार शिकवण्याला नव्हता हे मला कळत होतं, आणि तीस वर्षांत शिकवण्याला असा नमस्कार कोणी केला नव्हता हेही.

आणि गाडी! ज्या गाडीमुळे मी तोंड लपवत होतो तीच आता माझ्या हुशारीचा पुरावा झाली. पानठेल्यावर माझ्या पाठीमागे एक जण दुसऱ्याला समजावत होता, "पाय ना बे. दुसरा असता तं काळी मोठी गाडी घेतली असती, काचाबी काळ्या. सर खटारा घेऊन फिरून राह्यले. कोनाच्या डोयात येत नाई. याले डोकं म्हन्तात."

मी वळलो नाही. खरं सांगायचं तर पाठ थोडी ताठ झाली. पुढे पुढे मी नाही म्हणणंही सोडून दिलं. "काय सर, कामधंदा कसा?" असं विचारलं की नुसता हसायचो. हसणं म्हणजे हो, हे इथे लहान पोरालाही कळतं. बँकेत मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून पाणी दिलं. मी प्यायलो.

एका सकाळी मी दवाखान्यात जायला गाडी काढत होतो, म्हणजे ती निघण्याची वाट पाहत होतो. समोरच्या अर्धवट भिंतीतून वहिनी आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला निवांतपणा होता.

"भाऊजी, म्या त्या ट्रॅक्टरवाल्याले वापस लावलं."

"कोणत्या?"

"रेतीवाल्या. काल आला व्हता नं. लई भाव खाऊन राह्यला. म्या म्हन्लं, जाय तू, मले नाई पायजे. आमच्या भाऊजीची रेती येऊन राह्यली."

गाडी त्याच क्षणी सुरू झाली. बायको शेजारी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. सरळ समोरच्या काचेकडे पाहत राहिली.

शेवटी मी म्हटलं, "वहिनी, माझी काही रेती नाही."

"हाव, हाव," त्या समजूतदारपणे म्हणाल्या. "मी कोनाले सांगत नाई. पन पावसाच्या अंदर टाका म्हंजे झालं. व्याही म्हन्ते, स्लॅब झाला की त्याच दिवशी घेऊन जा पोरीले."

आम्ही चिखलीला पोचलो. दवाखान्याच्या दारात बायकोला उतरवताना मी म्हटलं, "मी तर स्पष्ट नाही म्हटलं ना?"

"आज म्हटलं," ती म्हणाली. "आठ दिवस कोठी गेल्ते?"

मी त्या ट्रॅक्टरवाल्याला शोधायला गेलो. त्याचा ट्रॅक्टर तहसीलच्या पथकाने धरून नेला होता आणि तो स्वतः फोन उचलत नव्हता. दुसऱ्याने सांगितलं, आता रेती नाही. तिसरा म्हणाला, "सर, तुमीच विचारून राह्यले? बाजारभाव पाहून राह्यले काय?" मी विकत घ्यायला आलो आहे यावर एकाचाही विश्वास बसेना. आभाळ रोज दुपारी भरून येऊ लागलं होतं आणि वहिनी रोज सकाळी गाडीपाशी येऊन काही न विचारता उभ्या राहत होत्या. ते न विचारणं मला सहन होईना.

आता एकच माणूस उरला होता. तो माझा विद्यार्थी. दहावीला इतिहासात काठावर पास झालेला. आता त्याच्याकडे खरोखरचा घाट होता, काळी गाडी होती, तिच्या काचेवर पद लिहिलेलं होतं आणि ते पद कसलं आहे हे मी साप्ताहिकात विचारलं होतं. नाव न घेता विचारलं होतं, पण गावात तसं पद एकच होतं.

त्याच्या ऑफिसपासून मी गाडी जरा लांब लावू लागलो होतो. मग स्वतःचीच किळस आली आणि मुद्दाम त्याच्या काळ्या गाडीला खेटून लावली. त्यानेही काही बिघडलं नाही. तो धावत बाहेर आला, पाया पडला आणि आत बसलेल्या सगळ्यांना म्हणाला, "हे आमचे सर. यायनं मले घडोलं."

मी घडवल्याचा कसलाही पुरावा माझ्या आठवणीत नव्हता. मी त्याला एकट्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. लीज, मुलाचा फोन, वहिनी, स्लॅब. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. या सगळ्या प्रकरणात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो पहिला माणूस.

"मले मालूम व्हतं सर," तो म्हणाला. "घाट घेनं तुमचं कामच नाई. त्याले जिगर लागते."

हेही त्याने आदरानेच म्हटलं.

"किती द्यायचे ते सांग," मी म्हटलं.

"काय बोलता सर! गरिबाचं घर हाये. उद्या दुपारी टाकतो." मग चहा आला, आणि चहा संपता संपता तो म्हणाला, "सर, तुमचा एक फोटो लागत व्हता. पुढच्या हप्त्यात आपला वाढदिवस हाये."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अजिबात हसत नव्हता. सौदाही करत नव्हता. आपल्या सरांचा फोटो आपल्या फ्लेक्सवर असावा असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि माझा लेख त्याने वाचला होता हेही त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं. मी मोबाइलमधून निवृत्तीच्या दिवशीचा फोटो पाठवला. शाल पांघरलेला.

ती रेती कुठून आली, कोणत्या घाटातून आली, त्या घाटाची मुदत होती की संपली होती, हे मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरवून विचारलं नाही.

ट्रॅक्टर आला तेव्हा माझी गाडी आडवी उभी होती आणि सुरू होत नव्हती. गल्लीतल्या चार जणांनी ती ढकलून मारुतीच्या देवळापर्यंत नेली. ढकलता ढकलता एक जण म्हणाला, "सरायची रेती येते आन् सरायचीच गाडी आडवी!" सगळे खूप हसले. मी स्टीअरिंग धरून आत बसलो होतो, त्यामुळे माझं तोंड कोणाला दिसलं नसावं.

स्लॅबच्या दिवशी वहिनींनी नारळ माझ्या हातात दिला. मिक्सर घरघरत होता, बायका घमेली घेऊन उभ्या होत्या. नारळ फोडण्याच्या कार्यक्रमांवर मी किती लेख लिहिले असतील याचा हिशोब नाही. मी फोडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "एक सांगतो. ही रेती माझी नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, सरांचा स्वभावच असा.

काम उरकत आलं तेव्हा वहिनी चहा घेऊन माझ्याजवळ आल्या. मी कप घेतला आणि म्हटलं, "वहिनी, खरंच सांगतो. माझी लीजबीज काही नव्हती."

"मले मालूम व्हतं नं," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"पयल्यापासून. तुमच्याच्यानं गाडीची काच दुरुस्त होत नाई भाऊजी, तुमी नदी कोठची घेता?" त्या वर स्लॅबकडे पाहत होत्या. "पन लोकं म्हनत व्हते आन् तुमी नाई म्हनत नव्हते. म्या म्हन्लं, बरं हाये. एखाद्या गोष्टीची लाज वाटली तं तुमी ते काम केल्याबिगर राहत नाई. आमच्या मालकायले पेन्शन तशीच भेटली व्हती तुमच्यामुळं."

मी गरम चहा एका दमात प्यायलो आणि जीभ भाजून घेतली.

गाडीचा निर्णय त्यानंतर आपोआप झाला. लीज हा शब्द मला पुन्हा तोंडातून काढणं शक्य नव्हतं. नवी गाडी घेतली असती तर लोक म्हणाले असते, पाहा, निघाला ना रेतीचा पैसा. राहिली दुरुस्ती. मिस्त्रीने गाडी खोलली, बंद केली, आणि या वेळी मधल्या काळात खरोखर काहीतरी केलं. पत्रा बदलला, सेल्फ बदलला, काच आपली आपण वर राहू लागली. बुलढाण्याच्या साहेबांनी एक चक्कर मारून ती पास केली. गावात माझ्या साधेपणाची पुन्हा वाहवा झाली. घरात बायकोने त्या शब्दावर नुसत्या भुवया उंचावल्या. चौकात फ्लेक्सवर माझा शालीतला फोटो लागला. त्याखाली 'मार्गदर्शक' असं लिहिलं होतं. साप्ताहिकाच्या संपादकांचा फोन आला, लेख का आला नाही म्हणून. मी तब्येत बरी नाही असं सांगितलं.

सुनेला आणायला बीबीला जायचं ठरलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "तुमचीच गाडी न्या भाऊजी." वहिनींचा मुलगा पुढे बसला, वहिनी मागे. मेहकरवरून आम्ही दुपारी बीबीला पोचलो. गाडीने वाटेत एकदाही त्रास दिला नाही.

व्याही अंगणात उभे होते. त्यांच्या शेजारी भावकीतले दोन-तीन जण, धुतलेले कपडे घालून. मी गाडी आत घेतली. त्यांची नजर गाडीवरून फाटकाकडे गेली, फाटकाबाहेर रस्त्यावर गेली, तिथे थोडा वेळ थांबली आणि परत आमच्या गाडीवर आली. तेव्हा मला समजलं की वहिनींनी इथे काय सांगून ठेवलं होतं. स्लॅब कोणाच्या रेतीचा पडला, शेजारी कोण राहतात, आणि घ्यायला कोणाची गाडी येणार.

वहिनींच्या बाजूचं मागचं दार अजूनही फक्त बाहेरून उघडतं, कारण तेवढं मिस्त्रीच्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी धावत जाऊन ते उघडलं. त्या उतरल्या. पदर सारखा केला. माझ्याकडे पाहिलं नाही.

पाणी झालं, चहा झाला. नातू वहिनींच्या मांडीवर आला आणि रडायला लागला, कारण त्याने त्यांना मोबाइलवरसुद्धा पाहिलेलं नव्हतं. व्याही माझ्या शेजारी येऊन बसले. म्हातारा सरळ माणूस होता. आवाज खाली करून, पण वहिनींना ऐकू जाईल इतपत, त्यांनी विचारलं, "सर, मोठी गाडी घरी ठिवली काय?"

वहिनी नातवाच्या पाठीवर थोपटत होत्या. त्यांचा हात थांबला.

"हाव," मी म्हटलं. "रस्ता खराब आहे ना मधे. म्हणून हिलाच आणली."

व्याह्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं. थोपटणं पुन्हा सुरू झालं. सून आतून पिशव्या घेऊन आली आणि मी डिकी उघडायला उठलो, कारण तिथे बसून राहणं मला जमत नव्हतं. बाहेर ऊन होतं. मला वाईट याचं वाटत होतं की ते वाक्य बोलताना मला जरासुद्धा अडखळायला झालं नव्हतं.